ओल्या तरटाखालचं पिंप

लाकडी पिंपाला कान लावायचा, डोळे मिटायचे, बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचं आणि म्हणायचं, "निजून राहिली. उठवू नका तिले."

तिले म्हणजे बिअरला. ही रीत कोराडी रस्त्यावरच्या आमच्या बिअरच्या कारखान्यात तळघर सांभाळणाऱ्या माणसाची; त्याला सगळे बाबाजी म्हणत. मी तिथे केमिस्ट. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. नोकरी कुठे करतो हे मी कधी लपवलं नाही. आई मात्र शेजारणींना 'औषधाचा कारखाना' सांगायची.

बाकीची बिअर तयार झाली की लगेच बाटलीत जाई. हे एकच पिंप वेगळं. जुन्या साहेबांनी जाण्याआधी भरलेली काळी, जड बिअर. ओकच्या लाकडात वर्षानुवर्षं मुरायला ठेवलेली. नागपूरच्या उन्हाळ्यात ती टिकवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बाबाजी दाराला वाळ्याची ताटी लावत, पिंपावर ओली तरटं पांघरत. स्वतः मात्र थेंबही घेत नसत.

"मग एवढी सेवा काहून, बाबाजी?"

"बुढीसाठी."

बुढी म्हणजे त्यांची बायको. खाप्याला, आपल्या गावी, संध्याकाळच्या बसने ते पोचले की अंगाला दारूचा वास येतो म्हणून ती दारातच अडवायची. अंगणातल्या दगडावर आंघोळ, कपडे बाहेर, मग घरात पाय. बाबाजी म्हणत, "हे काही हातभट्टीची नाही गा. पिंप उघडलं का एक डाव तिच्या नाकाशी नेतो. जल्मभर मी काय राखलं, तिले कळू दे."

नवे साहेब आले. उन्हाळ्याच्या मागणीत त्यांना तेही पिंप विकायचं होतं. बाबाजी आडवे आले. "साहेब, पाळण्यातली पोर बोहल्यावर चढवता का?" साहेब हसले. थंडीपर्यंत मुदत मिळाली.

त्याच मे महिन्यात थंडाव्याचं मशीन बंद पडलं. आम्ही बादल्या वाहिल्या, बाबाजी तरटांवर पाणी मारत राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "मी बसलो तं निजलेली उठंन ना!"

पिंप वाचलं. बाबाजी पावसाळ्यात तापाने गेले.

थंडीत पिंप उघडलं. मनुका, गूळ आणि ओल्या लाकडाचा वास तळघरभर पसरला. पहिला ग्लास कुणी उचलेना. मी औषधाच्या एका बाटलीत थोडी भरली आणि खाप्याची बस धरली.

बाटली पाहताच बुढीने पदर नाकाला लावला.

"मावशी, पिऊ नका. नुसता वास घ्या. बाबाजींनी राखलेली आहे."

तिने बूच काढलं. बाटली नाकाशी धरली.

"हा तं ह्यांच्या सदऱ्याचा वास," ती म्हणाली. "मी रोज धुऊन काढत होती."

अंगणातला दगड कोरडा पडला होता. तिने बूच घट्ट लावलं, बाटली पदराखाली घेतली आणि घरात नेली.