तिसरी हाक

परशराम मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या माघारी लोक त्यांना शूर, धाडसी, रानावनाचा वाघ असं काय काय म्हणायला लागले, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. असं बोलणाऱ्यांपैकी एकानंही त्यांना रानात पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. नुसतं सापाचं नाव काढलं तरी ते दोन्ही पाय बाकावर घेत. विहिरीच्या काठावर जायची वेळ आली तर आमच्यापैकी कुणाचा तरी खांदा घट्ट धरत आणि वर आम्हालाच दरडावत, "पुढं जाऊ नगो रं!"

बेळगावात आमच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. घर अनगोळला, थोडी भातशेती. एकोणीसशे छत्तीस-सदतीसचा सुमार असेल, हेडमास्तरांच्या मनात बालवीर पथक काढायचं आलं. दुसरा कुठलाच मास्तर अर्धी चड्डी घालायला तयार होईना, म्हणून ते पथक यांच्या गळ्यात पडलं. चड्डी, स्कार्फ, लाठी सगळं त्यांना झकास शोभायचं. फक्त 'कॅम्प' हा शब्द निघाला की चेहरा उतरायचा. आम्हा पोरांना कॅम्प म्हणजे खिचडी, शेकोटी आणि अभ्यासाला सुट्टी. मास्तर लहान असताना बेळगावात प्लेग आला होता, आणि त्यांच्या पिढीच्या लोकांना कॅम्प म्हणजे गाव सोडून शेतात घातलेली ती प्लेगची खोपटी.

रानात चालताना त्यांची एक सवय होती. वाटेच्या प्रत्येक वळणावर थांबायचं आणि प्रत्येकाला नावानं हाक मारायची. आपण 'ओ' द्यायची. 'हजर' म्हटलेलं चालायचं नाही. आम्ही मागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. एकदा पथकातल्या गुंडूनं मुद्दाम ओ दिली नाही. मास्तरांनी दोनदा हाक मारली आणि मग ते वाटेतच मटकन खाली बसले, घामाने अंगरखा भिजलेला. गुंडू दात काढत पुढे आला, तेव्हा ते त्याच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. तिसऱ्यांदा हाक का मारली नाही, असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात बेळगुंदीच्या वरच्या माळावर कॅम्प ठरला. बेळगुंदी माझं गाव, म्हणून टोळीनायक मी. निघायच्या दिवशी निपाणीहून चंपाबाई आल्या. त्यांचा मुलगा बाळगोंडा जैन बोर्डिंगात राहून आमच्या शाळेत शिकायचा. किरकोळ अंगाचा, शांत पोर. चंपाबाई विधवा, आणि हा एकटाच मुलगा. शाळेच्या फाटकात उभ्या राहून त्यांनी त्याला बजावायला सुरुवात केली ती संपेचना.

"पाणी गाळल्याबिगर पिऊ नगो. जिवाणी हितंतिथं वतू नगो. दिवा लागायच्या आत जेवून घे. थंडीचं डोकं बांध. रानात कोण हाक मारली तर लगीच ओ दिऊ नगो. मध खाऊ नगो, ही पोरं देतील."

आम्ही आपसांत कोपरखळ्या मारत होतो. मग त्या मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तेच्याकडं बघूनच माझं दिस चाललंत. नेलासा तसा माझ्या हातात आणून द्या."

"देतो, आक्का," मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक, की चंपाबाईंनी पुन्हा विचारलं आणि मास्तरांना पुन्हा सांगावं लागलं.

जिवाणीचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्यापायी. जैन लोक पाणी दुपदरी फडक्यातून गाळतात. फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते थोड्या पाण्यासकट परत सोडायचे, तेही ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात. दुसरीकडे सोडले तर ते मरतात आणि पाप गाळणाऱ्याला लागतं. बाळगोंडा कॅम्पात रोज पितळी तांब्या आणि फडकं घेऊन माळाच्या कडेला झऱ्यावर जायचा, पाणी गाळायचा आणि जिवाणी झऱ्यात सोडून यायचा. आम्ही त्याला 'किड्यांचा मामा' म्हणायचो.

शेवटच्या सकाळी धुकं पडलं. आमच्याकडं थंडीत धुकं नवं नाही, पण हे काही निराळंच होतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसायची. भांडीकुंडी भरलेली बैलगाडी पुढे गेली. गाडीबरोबर गुंडू, आणि पथकाची एकुलती एक शिट्टी त्याच्या गळ्यात. आम्ही एकमेकांच्या लाठ्या धरून उतरणीला लागलो. पहिल्या वळणावर मास्तर थांबले.

"भावकू."

"ओ."

"मष्णू."

"ओ."

"बाळगोंडा."

काही नाही.

"बाळगोंडा!"

मागे मष्णू रडवेल्या आवाजात म्हणाला, "मास्तर, त्यो माघारी गेला जनू. जिवाणी सोडायची ऱ्हायली म्हनत हुता. मी हसलो त्येला."

त्याच्या हसण्यामुळंच पोर कुणाला न सांगता गेलं होतं. मास्तरांनी बाकीच्यांना तिथंच गोल करून बसवलं, सगळ्यांच्या मनगटांतून एक दोर ओवला, आणि त्याचं टोक मष्णूच्या हातात देऊन सांगितलं, "जागा सोडलासा तर बघा." मग मला म्हणाले, "भावकू, तुला वाट ठावी हाय. चल."

वाट मला ठाऊक होती ती उन्हातली. धुक्यात सगळी झाडं सारखी. मास्तर माझ्यामागून माझा स्कार्फ धरून चालत होते, आणि कुठं खुट्ट झालं की तो माझ्या गळ्याला आवळला जायचा.

झऱ्यावर पोचलो. तांब्या उपडा पडला होता. पाणी गाळायचं फडकं करवंदीच्या जाळीत अडकून फाटलं होतं. शेजारची ओली माती कुणीतरी उकरून काढली होती, आणि त्या मातीत पंजा उमटला होता. नखांसकट. मी बेळगुंदीचा, मला सांगायची गरज नव्हती.

"अस्वल," मी कुजबुजलो.

मास्तरांनी तोंडावर हात धरला. मी म्हणालो, "गावात जाऊ या, मास्तर. माणसं घिऊन येऊ." खरं सांगायचं तर मला माणसं आणायची नव्हती, मला पळायचं होतं.

"तू जा. तवर त्यो कुठं पडला आसंल तर?"

एकट्यानं त्या धुक्यातून परत जायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी राहिलो. माझ्या राहण्यात एवढीच बहादुरी.

मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला गप्प केलं. दोघांचे आवाज मिसळले तर त्याचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणाले. मग त्यांनी हाक मारली, "बाळगोंडा!" आम्ही कान देऊन उभे राहिलो. झाडांवरून दव टपकत होतं. उजवीकडे काहीतरी मोडलं, फांदी असेल किंवा काहीही असेल. त्यांनी दुसरी हाक मारली. पुन्हा तेच टपकणं.

आणि मास्तर थांबले. तोंड उघडं, पण आवाज नाही.

"मारा की अजून," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मला संताप आला. अस्वलाची भीती, त्या पोराची काळजी आणि वर हा माणूस दगडासारखा उभा! मी त्यांच्या दंडाला धरून हलवलं. "मारा की हो! का मारीना झालासा?"

तेव्हा ते बोलले. धुक्याकडे बघत, अगदी हळू.

"आमचा जोतिबा. माझा थोरला भाऊ. प्लेगात त्येला गाठ आली, तवा लांबच्या खोपटात ठेवलता. आईनं मला धाडलं, हाक मारून बघ म्हनली. मी बांधावरनं दोन हाका मारल्या. ओ आली न्हाय. तिसरी मारली न्हाय मी. पळत जाऊन आईला सांगितलं, निजलाय म्हणून." मग म्हणाले, "दोन हाकांपत्तोर मानूस निजल्यालं असतंय, भावकू. तिसरीला ओ आली न्हाय, म्हंजे मग..."

पुढचं मला मागाहून कळलं. संध्याकाळी लोक त्या खोपटात गेले तेव्हा जोतिबा गार पडला होता. कधी गेला, ते कुणालाच कळलं नाही.

तोवर या माणसाच्या भित्रेपणाला मी खूप हसलो होतो. त्या क्षणी मला हसू आलं नाही, पण कीवही आली नाही. मला फक्त चंपाबाई दिसत होत्या, फाटकात उभ्या. मी म्हणालो, "मास्तर, त्येच्या आईला काय सांगणार? निजलाय म्हणून?"

हे बोलायला नको होतं, असं वाटायच्या आत मास्तरांनी डोळे मिटले आणि सगळ्या अंगानिशी हाक मारली, "बाळगोंडाऽऽ!"

"ओऽऽ!"

आमच्या पायांखालून आली. खरोखरच पायांखालून. चार पावलांवर माळ संपत होता आणि पुढे कडा होता. आणखी पुढे गेलो असतो तर आम्ही दोघेही खाली घळीत गेलो असतो. अस्वलाला पाहून पोर पळालं होतं आणि कड्यावरून घसरून खालच्या कपारीत अडकलं होतं, एका करवंदीला धरून.

विहिरीच्या काठावर उभं राहायला ज्यांना दुसऱ्याचा खांदा लागायचा, ते मास्तर कड्यावर पोटावर झोपले. दोघांचे स्कार्फ लाठीला बांधले, आम्हाला शिकवलेलीच गाठ, आणि लाठी खाली सोडली. मी त्यांचे पाय धरून बसलो. पूर्ण वेळ ते "आई गं, आई गं" म्हणून मोठ्यानं रडत होते, आणि रडता रडता त्याला सांगत होते, पाय कुठं ठेव, हात कुठं ठेव. पोर वर आलं. गुडघे फुटलेले, बाकी धड.

मास्तरांनी त्याला छातीशी आवळलं आणि मग थाडकन एक थोबाडीत दिली. "ओ का दिली न्हाईस रं? एवढ्या जवळ हुतास!"

बाळगोंडा गालावर हात ठेवून म्हणाला, "आई म्हंती, रानात मानूस दिसत नसलं तर तिसऱ्या हाकंलाच ओ द्याची. चकवा दोनच हाका मारतोय. तुमी दोन मारून गप बसलासा, मला वाटलं चकवाच हाय."

मास्तरांनी परत उगारलेला हात तसाच राहिला. मला वाटलं, आता ते हसतील. ते खाली बसले. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं. अस्वलाचा पंजा बघून ते असे झाले नव्हते.

"आमच्या आईनंबी आमास्नी ह्येच शिकिवलतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला. आनि जोतिबाला."

मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. दोन हाका ऐकून जोतिबाही त्या खोपटात तिसरीची वाट बघत पडला असेल.

खाली पोरं दोर धरून तशीच बसली होती. धुकं विरल्यावर आम्ही बेळगावच्या वाटेला लागलो, पण मास्तरांनी वाट वाकडी करून आम्हाला अनगोळच्या शेतांकडून नेलं. भात कापून झालं होतं, रानं मोकळी पडली होती. एका बांधापाशी त्यांनी आम्हाला थांबवलं आणि स्वतः पुढे जाऊन उभे राहिले. समोर काही नव्हतं, नुसती धसकटं. त्यांनी एकदाच हाक मारली, "जोतिबाऽ!" ती तिसरी होती, हे फक्त मला माहीत होतं. मग आम्हाला शिकवलं होतं तसा कानामागे हात धरून ते बराच वेळ ऐकत उभे राहिले. पोरं घाबरून एकमेकांना चिकटली. कुणी हसलं नाही.

परत येऊन त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि नेहमीसारखी एकेकाला हाक मारली. आम्ही सगळ्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली. बाळगोंडानंसुद्धा.