औश्याहून आणलेला कचरा

"उसना कचरा कुठं मिळंल?"

पप्पा दाराआड उभे राहून, तोंडावर हात धरून, फोनवर कुणाला तरी विचारत होते. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पप्पा म्हणाले, "मस्करी न्हाई हो! उद्या दहाला साहेब येणार हायेत!" आणि फोन बंद झाला. (बहुधा पलीकडूनच.)

मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून ऐकत होते. चूक माझी होती आणि ती कबूल करायचं धैर्य माझ्यात नव्हतं. तसं माझ्यात कशाचंच फारसं धैर्य नसतं. रिक्षा घर ओलांडून पुढे गेली तरी मी 'थांबा' म्हणत नाही. पुढच्या चौकात उतरते आणि चालत परत येते.

झालं होतं असं. आमच्या लातूरात ओला आणि सुका कचरा नीट वेगळा करणाऱ्या गल्लीला महापालिकेचे साहेब तपासणी करून 'आदर्श गल्ली' अशी पाटी देणार होते. पप्पा नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर बनियनवर बसून पंख्याकडे बघत होते. स्पर्धेची बातमी आली, गल्लीने त्यांना अध्यक्ष केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पप्पा इस्त्रीचा शर्ट घालू लागले! आठवड्यात त्यांनी पाटीच्या खांबासाठी कोपऱ्यावर खड्डासुद्धा खणून घेतला. (त्या खड्ड्यात सध्या जास्वंद आहे, यावरून काय ते समजा.)

अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. 'गल्लीत रोज निघणारा कचरा' असा एक रकाना होता. कुणाला विचारावं तर बोलावं लागणार. रिकामा ठेवावा तर उद्धट दिसणार. मग मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ओला चार डबे, सुका चार डबे.

अडचण एवढीच होती की आमच्या गल्लीत कचरा निघतच नाही.

भाजीची देठं आणि साली शोभाकाकूंच्या शेळीला जातात. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, भंगारवाल्याला. जुन्या साड्यांच्या वाकळी होतात. चहाचा चोथा कुंडीत. श्रीखंडाच्या डब्यात हळद, बिस्किटाच्या डब्यात बटणं. विंचरून निघालेले केससुद्धा आई गुंडाळून ठेवते, कारण केसांवर भांडी देणारी बाई येते. घंटागाडी आमच्या गल्लीत शिरते, गाणं वाजवते आणि रिकामी निघून जाते!

"मग साहेबांना डब्यात काय दाखवायचं? डबा?" पप्पा आईला म्हणाले.

"मागच्या गल्लीतून आणा की. त्यांच्याकडं ढिगानं हाय."

"त्यांच्याकडून? ते बी स्पर्धेत हायेत! आम्ही कचरा मागायला गेलो म्हणून गावभर सांगतील."

आईने जरा विचार केला. "औश्याला माझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं झालं कालच. दोनशे पान उठलं. तिच्याकडं आसंल."

पप्पांचे डोळे चमकले. डबे रंगवायला त्यांना थांबणं भाग होतं, म्हणून दोन रिकाम्या पिशव्या घेऊन मी एसटीत बसले.

औश्यात मावशी दारातच होती. "ये बाई, ये! आक्कानं फोन केलता. काय पाहिजे म्हणली ते मला नीट कळालंच न्हाई बघ."

"कचरा," मी म्हणाले.

"काय?"

"कचरा, मावशी."

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, कालचा समदा आज सकाळीच दिला की गाडीत! आणि ऱ्हायला आसता तरी तसला उष्टा-खरकटा देईन का मी बहिणीच्या सासरी? काय म्हणतील लातूरकर? तू बस. जेव. मी बघते."

"मावशी, कसलाही चालेल..."

"तुला चालंल. मला न्हाई चालत!"

मला बसवलं आणि पुरी-बटाट्याची भाजी वाढली. संपली की आणखी वाढली. चौथ्या वाटीनंतर माझ्या मनात आलं की आज इतके बटाटे का? पण विचारायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. आतून विळीचा आवाज येत राहिला. निघताना मावशीने दोन्ही पिशव्या सुतळीने आवळून बांधून हातात दिल्या. "साहेब येईस्तोर सोडू नका. ताजा ऱ्हायला पाहिजे!"

परतीच्या एसटीत कंडक्टरने पिशव्यांवर टिचकी मारली. "ताई, लगेज हाय का? काय हाय यात?"

"कचरा."

"कचरा? कुठं चालला?"

"लातूरला."

त्याने तिकीट फाडता फाडता हात थांबवला. "का? लातूरात संपला का?"

अख्खी गाडी वळून बघू लागली. मागच्या सीटवरच्या आजी आपुलकीने म्हणाल्या, "आसू दे रे. पोरगी मावशीकडून घेऊन चालली, कायतरी चांगलंच आसंल." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दहाला गल्ली लग्नघरासारखी झाली होती. नमुन्यादाखल ओल्याचा एक हिरवा डबा, सुक्याचा एक निळा डबा, त्यांत एकेक बांधलेली पिशवी, शेजारी इस्त्रीचे पप्पा. साहेब आले. हातात वही, नाकाला रुमाल. त्यांनी बरेच डबे बघितले असणार.

"सोडा," ते म्हणाले.

पप्पांनी हिरव्या डब्यातली सुतळी सोडली. साहेब रुमाल घट्ट धरून वाकले. मग त्यांनी रुमाल काढला.

आत बटाट्याच्या साली होत्या. धुतलेल्या. एकही तुटलेली नव्हती! त्यांवर कोथिंबिरीची देठं, सारखी कापून, दोऱ्याने जुडी बांधलेली. मटारच्या शेंगा रिकाम्या, पण परत मिटवून ठेवलेल्या.

"याला वास कसला येऊन राहिलाय?" साहेबांनी विचारलं.

वास लिंबाचा होता. मावशीने वर लिंबू पिळलं होतं.

साहेबांनी निळ्या डब्यातली पिशवी सोडली. बिस्किटांची वेष्टनं पुसून, घडी घालून ठेवली होती. त्यांच्याखाली हिरवा खण. खणात नारळ. नारळाबरोबर बारशाचे चार लाडू.

"कचऱ्यात नारळ?"

आई माझ्या कानात कुजबुजली, "बहीण रिकामी पिशवी कशी पाठवंल?" पिशवी रिकामी नव्हती, कचऱ्याने भरलेली होती, हे तिला सांगण्याची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात शोभाकाकूंची शेळी दावं तोडून आली आणि हिरव्या डब्यात तोंड घालून शांतपणे पुरावा खाऊ लागली. "हट! हट! आगं, साहेबांचा कचरा हाय त्यो!" काकू ओरडल्या. शेळीने शेवटी कोथिंबिरीची जुडीही सोडली नाही. चार डब्यांची गल्ली एका मिनिटात शून्यावर आली.

साहेब मात्र निळ्या डब्यात होते. नारळाखाली त्यांना एक चिठ्ठी सापडली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "'आक्का, कचरा निवडून दिला आहे. कमी पडला तर कळव, मंगळवारी आणखी निवडून ठेवते. पिशव्या आठवणीने परत पाठव.'"

मागच्या गल्लीचे दोघे जण कोपऱ्यावर उभे होते, त्यांनी एकमेकांना कोपर मारलं.

"अध्यक्ष," साहेब म्हणाले, "हा कचरा कुणाचा?"

पप्पांचा हात शर्टाच्या इस्त्रीवरून खाली सरकत गेला. मला एकदम दिसलं की उद्यापासून ते पुन्हा बनियनवर पंख्याखाली बसणार. अर्जात खोटं मी लिहिलं होतं. आणि साहेब, काकू, शेळी, सगळे पप्पांकडे बघत होते.

मी पुढे झाले. खरं सांगायचं तर मनात एक सुंदर वाक्य तयार होतं, शाळेत वक्तृत्वाला बक्षीस मिळेल असं, इंग्रजीत : आमच्या गल्लीत काहीच वाया जात नाही, म्हणून आम्हाला दाखवायला कचराच उरत नाही, आणि खरा आदर्श हाच. वाक्यात स्वल्पविराम कुठे घ्यायचा हेसुद्धा ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले, आणि तोंडातून निघालं ते हे :

"सर, कचरा आमचा नाही, पाहुणा आहे! औश्याहून आलाय, दुपारच्या एसटीने परत जाणार आहे, तोवर तुम्ही पण जेवूनच जा!"