गेले ते दाखव

आमच्या मॅडम टाकलेलं आधी पाहायच्या. घरी जेवायला बोलावलं तरी पाखडलेले तांदूळ बाजूला सारून कोंड्यात बोटं घालायच्या आणि चुकून गेलेले दाणे वेचत बसायच्या. भंडाऱ्यातल्या आमच्या तीन टेबलांच्या कॉम्प्युटर ऑफिसात त्या सगळ्यांत मोठ्या. तिथंही हीच खोड.

जावास्क्रिप्टच्या एखाद्या ऑब्जेक्टमधल्या शंभर की, म्हणजे नोंदींची नावं, गाळून मी नेमक्या पाच काढल्या, की कौतुक राहिलं बाजूला. "बाबू, राहिले ते राहिले. गेले ते दाखव." मग उरलेल्या पंच्याण्णव नावांवरून त्यांची पेन्सिल फिरायची आणि माझा चहा गार व्हायचा. रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन हवी ती नावं निवडायच्या तंत्राचा, मला तेव्हा भारी माज. चार ओळींचं काम अर्ध्या ओळीत उरकायचो. मॅडम म्हणायच्या, "एवढं बारीक काहून लिहून राहिला? कागद महाग झाला का?"

एकदा मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. प्रत्येक अर्जाची की म्हणजे गावाचं नाव, एक रेघ आणि त्या गावातला अर्जाचा क्रमांक. त्याच ऑब्जेक्टमध्ये तारखा, बेरजा असं इतरही सामान होतं. ते गाळून अर्जदार मुलींना मुलाखतीचे निरोप पाठवायचे होते. मॅडम त्या दिवशी तुमसरला गेलेल्या. मी नमुना लिहिला: गाव, रेघ, शेवटी आकडा. माझ्या गावच्या, नाकाडोंगरीच्या यादीवर चालवून पाहिला. सहा अर्ज, सहाही आले. निरोप धाडून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सवयीनं गेलेले मागितले. तारखा, बेरजा आणि मध्येच शहापूर दहा, अकरा, बारा, तेरा! मी नमुन्यात एकच आकडा धरला होता. दोन आकडी क्रमांकाच्या मुली गळाल्या. आमच्या गावाचा दहावा अर्जच नव्हता, मग ते दिसणार कुठून? मुलाखत त्याच दुपारी होती.

मॅडम रागावल्या नाहीत, याचाच मला धाक वाटला. "फोनवर कोन भरोसा करन? चाल, गाडी काढ."

शहापूर त्यांचं माहेर. चारही घरी त्या स्वतः गेल्या आणि प्रत्येक दारात म्हणाल्या, "माह्याकडून राह्यलं, माफ करा." एका घरी बाप म्हणाला, "नाव नाही आलं म्हून पोरीले रोवणीले धाडलं, मॅडम." मॅडम साडी खोचून धानाच्या बांधीत उतरल्या आणि चिखलाच्या पायांनी तिला घेऊन आल्या. ऑटो करून चौघींना वेळेत पोचवलं. मी सगळीकडे हेल्मेट धरून मुकाट उभा. परतताना कसंबसं म्हणालो, "मॅडम, चूक माझी होती."

"तुले कामावर कोनं ठेवलं? मीनंच ना," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. बुद्धविहारात शोकसभा झाली. बांधीतून आणलेली ती मुलगी आता नर्स आहे. ती बोलायला उभी राहिली. "मॅडमकडून एकदा आमची नावं राहून गेली होती," ती म्हणाली, "पण त्या स्वतः घरी आल्या."

लोक मान हलवत होते. मला ते बसून ऐकवेना. मी उठलो आणि माईक न घेताच म्हणालो, "मॅडमकडून नाही राहिली, बाई. नावं माझ्याकडून राहिली."