झकास बसलेलं बुश
रबर कापल्याचा वास आला की चारकोपची ती दुपार आठवते. आमच्या जुन्या व्हॅनच्या क्लच पेडलचं बुश, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, झिजलं होतं, पेडल लटलट हलायचं. ‘नवीन टाक ना यार,’ नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला. पण मी पडलो घरचा इंजिनीअर! बाबा झोपलेले बघून त्यांच्या काठीखालचं रबर काढलं, कापून पेडलमध्ये ठोकलं, झकास बसलं. संध्याकाळी जिन्यात काठी सटकली आणि बाबांचा खुबा मोडला. ‘काठीचं रबर कुठे गेलं रे?’ आईने विचारलं. ‘पडलं असेल कुठेतरी,’ मी म्हणालो. त्याच व्हॅनमधून हॉस्पिटलात जाताना बाबा कण्हत म्हणाले, ‘पेडल मस्त केलंस हां.’ आता ते वॉकर धरून चालतात आणि आल्यागेल्याला माझ्या हातातली कला सांगतात. मी लाजल्यासारखं करतो.