कुंपणापलीकडचा बेसबॉल

क्रेगीबर्न उपनगरातला आमचा शेजारी अमेरिकेत शिकून आलेला, त्यामुळे बेसबॉलचा वेडा. लॉकडाऊनमध्ये सकाळी मॅच लागली की तो फोन घेऊन कुंपणाशी यायचा आणि पलीकडून मला ऐकवायचा, "मॅनेजरला अक्कल नाही रे. काल दमलेल्या पिचरला आज परत बॉल टाकायला उतरवलाय." कुणाला दुसऱ्या टीमला देऊन टाकणार अशी अफवा आली की आणखी भडकायचा. "खेळाडूला कुणी विचारतं का, मेट?" तावातावाने बोलताना मास्क हनुवटीवर घसरायचा, मग दचकून तो वर ओढायचा. घरात लहान पोरगी, बायको हॉस्पिटलमध्ये नर्स, पण बायकोच्या कामाचा विषय कधी काढायचा नाही.

एकदा मी स्कोअर विचारला, तर म्हणाला, "बघितला नाही. हिला आजपासून कोविड वॉर्डात टाकलंय. काल डबल शिफ्ट केली होती तिने."

मॅनेजरला शिवी दिली नाही. खिशातून घराची किल्ली काढली, तिच्यावर सॅनिटायझर ओतलं, पुसली, पुन्हा ओतलं आणि कुंपणावर ठेवली.

"आम्हा दोघांनाही हॉस्पिटलात नेलं, तर पोरीला तू घेऊन जा."

मी किल्ली उचलेपर्यंत तो मागे मागे सरकत राहिला.