डोलीतून परतलेला माणूस

संस्थान विलीन झालं तेव्हा जव्हारात पुरता बेकार झालेला माणूस एकच, असं नूरमोहम्मद म्हणायचा आणि बोट स्वतःकडे करायचा. कारकुनांचं काही बिघडलं नाही. काल दरबारचे होते, आज मुंबई सरकारचे झाले. खुर्ची तीच आणि तिचा डुगडुगणारा पायही तोच. शिपायांचे नुसते बिल्ले बदलले. पण नूरमोहम्मद राजवाड्यातल्या पालख्या आणि मेणे दुरुस्त करायचा. नव्या सरकारचे साहेब मोटारीतून आले, आणि मोटारीला दांडा नसतो.

"तीस वर्षं दांड्याचा तोल शिकलो, मास्तर," तो मला म्हणायचा. "भोई धावत असले तरी आतल्या माणसाच्या पेल्यातलं पाणी सांडता कामा नये. आता पाणी पिणाराच मोटारीत बसला. सांडू दे त्याला अंगावर!"

मी तेव्हा जव्हारच्या शाळेत मास्तर होतो. त्याचं दुकान माझ्या वाटेवर होतं आणि त्याच्या चहात आलं असायचं, एवढ्यावर आमची मैत्री जमली. देह भरदार, चष्म्याची एक काडी सुतळीची. कोणीही समोर आला की हा त्याला नजरेनेच तोलायचा, आणि तोही शेरा-मणांत नव्हे, भोयांत. मामलेदार कचेरीतल्या हेडक्लार्कला त्याने तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही सहा भोयांचे." माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुला दोन बस. तेही जेवले नसले तरी चालतील."

दाभोसा गावचा पुंजा त्याला वीस वर्षं बांबू आणून द्यायचा. त्या पुंजाला एक दिवस चार माणसं घेऊन आली. दाभोशाहून जव्हारचा दवाखाना दहा-बारा मैल, मधे घाट, ओहोळ, कुठे पायवाट आणि कुठे तीही नाही. तिकडे आजाऱ्याला आणायची रीत म्हणजे झोळी: घोंगडीची दोन टोकं बांबूला बांधायची, मधे माणूस. गुडघे हनुवटीला, मान छातीवर. पुंजाला नूरमोहम्मदच्या दुकानापुढे टेकवलं, घोंगडी सोडली, तेव्हा दवाखान्यात न्यायला काही उरलं नव्हतं.

नूरमोहम्मदने घोंगडीची गाठ चाचपली. मग म्हणाला, "राजाची उशी हलू नये म्हणून मी उमर घालवली, आणि माझा बांबू आणणारा माणूस असा गाठोड्यासारखा आला."

दुसऱ्या दिवसापासून तो डोली करायला बसला. हलकी चौकट, काथ्याची वीण, पाय लांब करून निजता येईल एवढी लांबी, वर ताडपत्रीचं छत, आणि दांडा मेण्यासारखा, मधे किंचित उचललेला. दोन माणसांनी खांद्यावर घेऊन पळावं आणि आतल्याला झोप लागावी. मला त्यात निजवून त्याने बाजारपेठेत दोन फेऱ्या मारल्या. पोटावर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता. सांडला नाही. शाळेतली पोरं मात्र पुढे महिनाभर मला बघून रांगेत उभी राहून हात जोडायची.

कामाला मंडळ हवं, असं त्या काळी सगळ्यांनाच वाटत असे. मीही 'जव्हार-मोखाडा रुग्णवाहक मंडळ' असं नाव काढलं. नूरमोहम्मद अध्यक्ष, मी चिटणीस, आणि सभासद म्हणून त्याची बायको हुस्नबानो, कारण सभेचा चहा तीच करायची. अध्यक्षांना स्वतःच्या मंडळाचं नाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते 'डोलीचं काम' म्हणायचे.

पहिली डोली अर्थातच दाभोशाला गेली, पुंजाचा थोरला भाऊ सुकऱ्या याच्या अंगणात. सुकऱ्या म्हणजे गावात ज्याच्या शब्दावाचून बैल बांधला जात नाही असा माणूस. त्याने डोलीवरून हात फिरवला. वीण दाबून बघितली.

"लई मऊ हाये, चाचा."

"मग आजारी पडलं कोणी की लगेच घाला यात."

"घालू ना," सुकऱ्या म्हणाला. "यालाच घालू."

आणि घातलं. फक्त लगेच नाही. ताप आला की आधी भगत. भगताने कोंबडा मागितला की कोंबडा. मग पालापाचोळा, मग चार दिवस वाट. मग माणसाची नजर फिरली आणि बायका रडायला लागल्या की कोणीतरी म्हणायचं, "आता चाचाची डोली काढा." जो गेला तो असा गेला. पहिला वाटेत ओहोळात गेला, दुसरी दवाखान्याच्या पायरीवर. त्याच डोलीतून प्रेत गावी परत. आणि ज्यावरून प्रेत आलं ते बांबू घरात परत आणायचे नाहीत, ही तर जगाची रीत. नदीवर नेऊन त्यांनी डोली मोडली आणि रीतसर सोडून दिली.

नूरमोहम्मदने दुसरी केली. तीही मोडली. तिसरी वाटेतल्या साखरशेत गावाशी मोडली. तो चिडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "दांडा तरी ठेवायचा रे. चांगला पिकलेला होता."

हुस्नबानोभाभी चहाचा कप आदळून म्हणाली, "राजवाड्यातल्या बाया तुमच्या मेण्यात बसून जायच्या, त्या परत तरी यायच्या!"

तो हसला, पण ते त्याच्या मनात रुतलं. पुढे एकदा ठाण्याहून कोणी साहेब आले, मंडळाचं काम ऐकून खूष झाले आणि विचारलं, "किती रुग्णांनी लाभ घेतला?"

"सात," अध्यक्ष म्हणाले.

"वा! बरे झाले?"

"नाही साहेब. पण आरामात गेले."

साहेबांनी टिपणवही मिटली. मी चिटणीस या नात्याने खिडकीबाहेर पाहत होतो.

तोवर दाभोशात पोरं रडली की आया म्हणायला लागल्या होत्या, "गप, नायतर चाचाच्या डोलीत घालीन." हे नूरमोहम्मदच्या कानावर आलं. संध्याकाळी दुकानाची फळी लावता लावता म्हणाला, "मास्तर, सगळं बरोबर आहे. वीण बरोबर, दांडा बरोबर. फक्त एक पाहिजे. त्यात बसून गेलेला आणि स्वतःच्या तोंडाने भाकर मागत परत आलेला माणूस. एकच. मग पुढचे आपोआप लवकर बसतील. लवकर बसले की जगतील."

त्या एका माणसासाठी त्याने दोन वर्षं वणवण केली. कोणाचा दात दुखतोय, कोणाच्या टाचेत काटा मोडलाय, असल्या आजाऱ्यांच्या तो पाया पडायचा. चिमी म्हणून सुकऱ्याची सून होती, तिच्या डोळ्याला आंजणी आली तर हा तिला डोलीत घालून दवाखान्यात न्यायला निघाला. चिमी म्हणाली, "चाचा, डोळा गेला तरी चालेल, पन डोलीत नाय." आणि पदराने डोळा झाकून रानात पळाली.

शेवटी तो स्वतःच बसला. म्हणाला, धडधाकट माणूस बसलेला तरी बघू देत. हा सहा भोयांचा माणूस, तेव्हा सहा जण लागले, आणि त्यांना तंबाखू द्यावी लागली. साखरशेतच्या वाटेवर नाचणी काढणाऱ्या बायांनी डोली पाहिली, विळे खाली ठेवले आणि डोक्यावर पदर घेतले. एक म्हातारी पुढे येऊन त्याच्यावर तांदळाचे चार दाणे टाकायला लागली.

हा आतून ओरडला, "अगं आजी, मी जिवंत आहे!"

"हां बाबा," म्हातारी समजुतीने म्हणाली, "सगळे असाच म्हणतात."

ही गोष्ट तो पुढे स्वतःच सांगायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. भात खळ्यात आलं होतं. नव्या डोलीच्या दांड्यासाठी बांबू निवडायला नूरमोहम्मद दाभोशाला गेला. शनिवार होता, मीही बरोबर होतो. सुकऱ्याच्या अंगणात आठवी डोली तयार उभी होती, फक्त दांडा बदलायचा होता. तो बांबूच्या बेटात शिरला, एक बांबू पसंत करून ओढायला लागला आणि उताराची माती सुटली. दोन पुरुष खोल खाली तो दगडावर आपटला. उजवी मांडी भलत्याच जागी वळली होती.

चौघांनी त्याला वर आणला. तोंडाचा रंग उडाला होता, कपाळावर घाम. आणि हा गृहस्थ हसत होता.

"सुकऱ्या! डोली काढ. जुनाच दांडा लाव. अरे, हाच तो! मीच तो!" मला म्हणाला, "मास्तर, नुसतं हाड मोडलंय. हाडाने कोणी मरतं का? जातो, बांधून घेतो, आणि डोलीत बसून परत येतो. गावात शिरताना भाकर मागतो. ऐकतोयस ना?"

सुकऱ्या डोलीकडे बघेना. त्याने घरात जाऊन घोंगडी आणली. नवी होती, अजून पांघरलेली नव्हती.

"हे काय?" नूरमोहम्मद म्हणाला.

"झोळी."

"झोळीत नको रे. मांडी दुमडेल. आत हाड सुटलंय. मला सरळ निजवून नेलं पाहिजे. त्यासाठीच तर केली ना ही!"

"चाचा, तुला त्यात नाय घालणार."

"सुकऱ्या..."

"दुसरा कोणी असता तर घातला असता," सुकऱ्या म्हणाला. त्याने घोंगडी अंगणात पसरली. "तू आमचा हाये. तुला मरायला नाय पाठवणार."

मी मधे पडलो. शास्त्र सांगितलं, मंडळ सांगितलं, शेवटी ओरडलो. अंगणात सारा गाव जमला होता आणि त्यातल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चिमी त्याच्या उशाला बसून त्याला पाणी पाजत होती. माणसं मला हाताला धरून हळूच बाजूला करत होती, जसं रडणाऱ्या नातेवाइकाला करतात.

त्यांनी त्याला घोंगडीत घातला. तो ओरडला तेव्हा खांदा देणारे चौघेही रडले, आणि पळत सुटले. इतक्या वेगाने झोळी त्या वाटेवरून कधी गेली नसेल. खांदा द्यायला वीस माणसं मागे पळत होती, पाळीसाठी भांडत होती. मी धापा टाकत मागे. झोळीतून सुरुवातीला त्याचा आवाज येत होता: "हळू... दांड्याचा तोल बघ... पुढचा पाय चुकतोय." साखरशेतपर्यंत येत होता. तिथून पुढे घोंगडीखालून वाटेवर लाल ठिपके पडत गेले.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मांडीची मोठी शीर हाडाने कापली. सरळ निजवून, पाय न हलवता आणला असता तर..." मग त्यांनी दारात उभ्या वीस माणसांकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

जनाज्याला दाभोसा अख्खं आलं. खांदा देताना सुकऱ्याने दांड्याखाली घोंगडीची चुंबळ घातली, धक्का बसू नये म्हणून. हुस्नबानोभाभी दारातून बघत होती. मला एवढंच म्हणाली, "आज बघा कसा तोल सांभाळतायत."

महिन्याभराने मी दाभोशाला गेलो. आठवी डोली सुकऱ्याच्या पडवीत आढ्याला टांगलेली होती. तिच्यातून कोणी गेलं नव्हतं, म्हणून मोडलेली नव्हती. आत कोंबडी अंड्यांवर रवणाला बसली होती. आम्ही दोघे खाली बसलो. सुकऱ्या म्हणाला, "मास्तर, चाचा यात बसून गेला असता नी परत आला असता ना, तर आमी सगळे बसलो असतो."

"मग बसवलं का नाहीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला, शाळेतल्या मास्तरने एवढं सोपं विचारावं याचं नवल वाटल्यासारखा.

"आनि परत नसता आला तर?"

मंडळाची सभा त्यानंतर झाली नाही. पण चिटणीसाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुढल्या पावसाळ्यात शाळेच्या कामाने गेलो असता दाभोशात मला थंडीताप भरला. उभं राहवेना. सुकऱ्याने आढ्याची डोली काढली, झाडली, अंगणात आणून ठेवली. "चला मास्तर," म्हणाला, "तुमी तरी बसा. चाचाचा शब्द राहील." माणसं जमली. चिमी दारात येऊन उभी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते. डोली चांगली होती. वीण अजून ताठ होती. तसल्याच पहिल्या डोलीत पोटावर पाण्याचा पेला ठेवून मी बाजारपेठ फिरलो होतो.

"नको," मी म्हणालो. "मी चालतो."

कोणी हसलं नाही, कोणी आग्रहही केला नाही. सुकऱ्याने डोली पुन्हा आढ्याला टांगली, माझी पिशवी खांद्याला लावली, छत्री माझ्या डोक्यावर धरली, आणि जव्हारपर्यंत दहा-बारा मैल माझ्या पावलाने चालत आला.