एका दिवसात एक्केचाळीस नंबर

हिरासिंग राठोड आमच्या शेजारच्या खडकी तांड्याचा. चार एकर कापूस-तूर, दोन म्हशी अन् खिशात दोन फोन. माझं वावर त्याच्या वावराले लागून, म्हणून त्याचं फोनपुराण मले निंदणापासून वेचणीपर्यंत आयकाव लागे. मधातल्या बांधावर, धुऱ्यावर बसला का तोंड सुरू.

"गोपालभाऊ, अँड्रॉइड म्हनजे आपला ट्रॅक्टर. बिघडला तं आर्णीचा कोनताबी मिस्त्री खोलते. आयफोन म्हनजे नवा जावई. ताट अलग, पाट अलग, चार्जरबी अलग. आता आता कुठं चार्जर सारखा करून पंगतीत बसला."

"मंग तुनं दोन्ही काहून पाळले?"

"दोघायची भांडनं घरातच पाहाले भेटतात ना!"

जावई त्यानं पुण्यातल्या भाच्याकडून जुना आणलेला. ट्रॅक्टर स्वतःचा. हवामानाचे तीन ॲप ठेवले होते. तिघं तीन गोष्टी सांगत, मंग दोघायचं जुळलं का हा फवारणी करे. लोक हासत, पण तांड्यात कोणाचा फोन अडकला, कोणाचा फॉर्म भरायचा राह्यला, तं पाय त्याच्याच दारी वळत. बायको मानीबाई म्हणे, "माह्याशी बोलाले याले चार्जिंग राह्यत नाई."

आमच्याकडे कंपन्यायचे नावं कोणी घेत नाही. एक तळ्यावरच्या टॉवरची, दुसरी घाटावरच्या टॉवरची. तळ्यावरची जुनी. फोन लागे, पण नेट असं का व्हिडिओ लावून मानसानं म्हैस धुऊन यावं. घाटावरचा टॉवर नवा, तांड्याच्या समोर, मधात सागाचं जंगल. हिरासिंगचं त्याच्यावर मन बसलं.

मे महिन्यात त्यानं मोजणी केली. फोनमध्ये एक ॲप टाकलं, ते रेंजचा आकडा दाखवे. आकडा जितका लहान, तितकी रेंज चांगली. भर उन्हात डोक्याले रुमाल बांधून हा घरोघर फिरला अन् एकेका दारावर कोळशानं आकडा लिहून आला. मी सोबत होतो, खोटं कायले सांगू. घाटावरची सगळीकडे सरस निघाली. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, ओट्यावर तं इतकी का त्यानं फोन कपाळाले लावला.

मंग नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची बैठक, तिथं जे ठरलं ते ठरलं. सेवादास नायक मधात, बाकीचे भोवताल. वच्छलाबाईनं आधीच हात वर केला.

"माह्या भावाले हाच नंबर पाठ हाय. मी नाई बदलत."

"काकी, नंबर तोच राह्यते. फक्त कंपनी बदलते."

"घर तेच अन् नवरा बदलला, असं कसं होईन रे?"

सगळे हासले. नायक हासला नाही. त्यानं विचारलं, "हिरासिंग, तुह्या भरोशावर निघू का?"

"निघा, नायक. अर्धे इकडे, अर्धे तिकडे ठेवू नका."

दुसरं गाव असतं तं अर्धे तिकडे राह्यलेच असते. घरात बाप एका कंपनीत अन् पोरगा दुसऱ्या. पण हे बंजारा लोक. यायच्या आज्या-पणज्यायनं बैलावर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घातला. लदेणी म्हणतात त्याले. लदेणी निघाली का समदा तांडा निघे, एक बैल मागं राहात नसे. नायकानं होकार दिला अन् आर्णीहून अंगठा घ्यायची मशीन घेऊन एक मानूस आला. तांड्यात फोन एक्केचाळीस. एका दिवसात एक्केचाळीस नंबर घाटावर गेले. आता नव्वद दिवस मागं येता येत नव्हतं, असा नियम. त्या दिवशी तो नियम कोणाले आठवला नाही.

जून सरता सरता रेंज पातळ झाली. हिरासिंग म्हणे, टॉवरचं काम चालू असन. मंग म्हणे, फोन बंद करून चालू करा. मंग म्हणे, अपडेट मारा. जुलै संपला तेव्हा तांड्यात एकही फोन वाजत नव्हता. ज्याले बोलायचं तो मागच्या माळावर चढे. तेवढी उंच जागा. नवं सिम घ्यावं तं नंबर नवा, अन् बँक, गॅस, शाळा, समदं जुन्या नंबरवर.

त्याची पोरगी जया, बारावी झालेली, हुशार. तिनं नर्सिंगचा फॉर्म भरलेला. मार्क असे का यवतमाळची सरकारी जागा भेटण्यासारखी. यादीत नाव लागलं का ठरल्या दिवशी पाचच्या आत होकार भरायचा, तोही फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी टाकून. नाही भरला तं जागा दुसऱ्याले अन् पोरगी दुसऱ्या यादीच्या भरोशावर.

ऑगस्टच्या पयल्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. जया रोज म्हणे, "बा, मी माळावर जाऊन पाह्यतो." अन् हा म्हणे, "चिखलात कायले चढतं? यादी सोमवारची हाय."

यादी गुरुवारीच लागली.

मले कळलं ते शनिवारी, आर्णीत. कृषी केंद्रातून निघालो तं जयाची मैत्रीण खुशी आडवी आली. "काका, जयाचा फोन काहून लागत नाई? यवतमाळ भेटलं तिले! आज पाचपर्यंतच हाय!" मी घड्याळ पाह्यलं. पावणेचार. गाडीले किक मारली. चौदा किलोमीटर, अर्ध्या रस्त्याचा चिखल. तांड्यावर पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

हिरासिंग ओट्यावर कोणाच्या तरी फोनले नवी काच चिपकवत होता. मी सांगतलं. त्यानं आधी काच नीट दाबली, बुडबुडा काढला. मंग त्याले समजलं.

जया आतून आली. "कांई वेगो, बा?" काय झालं, म्हणून. मीच सांगतलं. ती रडली नाही. तिनं फोन उचलला अन् पळाली. आम्ही मागं.

सगळ्या तांड्यात रेंज होती ती एकट्या माह्या फोनले, तळ्यावरची. पण ओटीपी यायचा जयाच्या नंबरवर. तिचं सिम माह्या फोनात टाकावं म्हटलं तं तेही घाटावरचंच. समदेच घाटावरचे!

माळावर पोचलो तेव्हा पाचले अकरा कमी. माह्या फोनवर पान उघडलं, जयानं माहिती टाकली. तिच्या फोनले एक दांडी आली, गेली, आली. अन् तीन दिवसायचे मेसेज पडायले लागले. रिचार्जचा, बँकेचा, हवामानाचा. मधातच गुरुवारचा, 'अभिनंदन'. जया तो वाचे ना. ओटीपी त्याच्याही मागं अडकलेला. हिरासिंग फोनकडे हात जोडून उभा. पाचले दोन कमी असताना ओटीपी आला. तिनं सहा आकडे टाकले. पानावर चक्कर फिरली, फिरली, फिरत राह्यली.

'मुदत संपली आहे.'

मी तीनदा वाचलं. अजूनही मले ते खरं वाटत नाही.

हिरासिंग खाली पाह्यत होता, तांड्याकडे. मंग घाटाकडे. मीबी पाह्यलं अन् चाट पडलो. मे महिन्यात इथून टॉवर पायापासून दिसे, कारण सागाले तेव्हा एक पान नसते. आता हाताएवढाल्या पानायची हिरवी भिंत उभी होती, तिच्यावर टॉवरचं नुसतं टोक. खाली तांड्यातून तं तेही दिसत नव्हतं.

"मी उन्हाळ्यात मोजलं," तो म्हणाला. "गोपालभाऊ, मी उन्हाळ्यात मोजलं."

जन्म या सागात गेला त्याचा. पत्रावळीले पानं तोडली, पावसात डोक्यावर धरली. जंगल कधी उघडं होते अन् कधी भरते, हे त्याले कोणी शिकवाव लागत नव्हतं. माह्यावाल्याबी डोक्यात आलं नाही. आकडा दिसला का डोळे बंद झाले आमचे.

नसाब पुन्हा बसली. वच्छलाबाई एवढंच बोलली, "माह्या भावाची सून बाळंत झाली, मले बाराव्या दिवशी कळलं."

नायक म्हणाला, "आपन तुह्यामागं निघालो. आता नव्वद दिवस भरेपर्यंत तू आमच्यासाठी चाल. सकाळ-संध्याकाळ सगळ्यायचे फोन टोपल्यात घे, माळावर ने, निरोप खाली आन."

अन् हा माणूस निघाला! जावई-ट्रॅक्टरचे किस्से सांगणारा हिरासिंग डोक्यावर टोपलं घेऊन, वरून प्लास्टिक झाकून, दोन वेळा माळ चढू लागला. टोपल्यात फोन चाळीस. जया आपला त्याच्या हाती देत नव्हती. ती स्वतः चढे, त्याच्यापासून दहा हात दूर दगडावर बसे. त्यानं एकदा म्हटलं, "जया, दे, मी पाह्यतो." तिनं मूठ आवळली.

दुसरी यादी लागली त्या दिवशी मी वावरातून वर गेलतो. जयाचा फोन टुण्ण वाजला. हिरासिंग उठला, दोन पावलं गेला अन् तिथंच थांबला. पोरगी बोटं चालवत राह्यली. वर पाह्यलं नाही, विचारलं नाही. मंग फोन ओढणीत पुसला.

"झालं?" हिरासिंगनं विचारलं.

"झालं."

"कोठची?"

"अकोला."

यवतमाळ घरापासून दीड तास. अकोला म्हणजे होस्टेल आलं, महिन्यातून एक चक्कर आली. हिरासिंगनं मान हालवली. घसा साफ केला.

"अकोल्यात तुह्या होस्टेलच्या बाजूनं कोनती कंपनी..."

"बा," जया म्हणाली, "गप राह्य."

टोपल्यात वच्छलाबाईचा फोन वाजून राह्यलता, तिच्या भावाचा. त्यानं तो काढला, कानाले लावला अन् म्हणाला, "बोला मामा. काकी खाली हाय. काय सांगू?"